आजीच्या डब्यातली जुनी नाणी: खरी कोणती, मोलाची कोणती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजीच्या पितळी डब्यात 1862 चा राणीछाप रुपया, 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया, फारशी अक्षरांचा एक जाड रुपया, काही शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी), 1818 चं रामदरबाराचं 'टू आना' आणि वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं निघालं. शेवटच्या दोन नाण्यांचे काही लाख देतो असं फोनवर कुणी सांगतोय, पण आधी 'नोंदणी फी' मागतोय. आणि बाकीची नाणी अमेरिकेतल्या भाच्याकडे पाठवली तर जास्त भाव येईल का, असंही तुम्ही विचारलंय.

फी भरू नका, हे सगळ्यात आधी. नाणं विकत घेणारा माणूस विकणाऱ्याकडून पैसे मागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असेच फोन येऊ लागले तेव्हा बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात ती पडत नाही आणि त्यासाठी कसलंही शुल्क घेत नाही. वैष्णोदेवीचं नाणं 2012 चं, चलनासाठीच काढलेलं आहे. देवीचं म्हणून जपून ठेवा, पण लाखांची गोष्ट विसरा.

रामदरबाराचं नाणं ईस्ट इंडिया कंपनीने पाडलेलंच नाही. कंपनीच्या मद्रासकडच्या सोन्याच्या नाण्यांवर देवमूर्ती होत्या, हे खरं. पण एका बाजूला राम-सीता किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी, 1818' अशी तांब्या-पितळेची नाणी देवस्थानांजवळ विकायला म्हणून नंतर बनलेली आहेत. त्यांच्यावर 1616, 1717 अशी सालंही सापडतात. ही तांदूळ ओढतात, त्यांच्यात शक्ती असते, असं सांगून 'राईस पुलर'च्या नावाखाली लोकांना अक्षरशः देशोधडीला लावलेलं आहे. तसं कुणी म्हणाला तर सरळ पोलिसांकडे जा.

आता खऱ्या कामाची नाणी. ज्यांच्याबद्दल तुम्ही एकेक ओळच लिहिलीत, त्यांच्यातच या डब्याचं मोल आहे.

ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया म्हणजे बरोबर एक जुना तोळा, 11.66 ग्रॅम. 1835 पासून 1939 पर्यंत त्यात 91.7 टक्के चांदी होती. 1940 पासून ती निम्म्यावर आली. वापराने झिजलेला रुपया थोडा हलका भरतो, पण अकरा ग्रॅमच्याही खाली गेला तर शंका घ्या. मिलिग्रॅमपर्यंत जाणाऱ्या काट्याची गरज नाही, शंभरांश ग्रॅम दाखवणारा साधा काटा पुरतो. त्याच काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. रुपया बारीक दोऱ्याला बांधून, तळाला किंवा काठाला न टेकवता, पूर्ण बुडवून धरा. काटा सुमारे 1.13 ग्रॅम दाखवेल. नाण्याच्या कोरड्या वजनाला या आकड्याने भागलं की 10.3 च्या जवळपास उत्तर यायला हवं. जर्मन सिल्व्हरचं (नावात चांदी, पण चांदी नसलेल्या मिश्रधातूचं) नाणं तेवढ्याच वजनाचं असलं तरी इथे पकडलं जातं, त्याचं उत्तर नऊच्याही खाली येतं. लोहचुंबक लावून बघाच, पण त्याने फक्त लोखंडी नक्कल कळते.

मग भिंग घेऊन कडा पाहा. खऱ्या रुपयाच्या कडेवरचे दाते सारखे आणि धारदार असतात. ओतीव नकलेत कडेभर साच्याच्या जोडाची रेघ दिसते किंवा ती घासून काढल्याची खूण दिसते. अक्षरांच्या मुळाशी बारीक छिद्रं, फुगलेली वळणं, साबणासारखा गुळगुळीतपणा, ही सगळी ओतीव नाण्याची लक्षणं. असं नाणं वाजवलं तर बहुधा खणखणत नाही, बद्द वाजतं.

तुमचा 1862 चा रुपया या कसोट्यांना उतरला तर तो खरा, पण दुर्मीळ नव्हे. टाकसाळीने ते एकच साल पुढे कित्येक वर्षं छापलं. मागच्या बाजूच्या ठिपक्यांवरून संग्राहक त्याचे प्रकार लावतात आणि एखादा प्रकार महाग निघतो. एरवी भाव ठरतो तो राणीच्या चेहऱ्यावर. केसांच्या बटा, अंगरख्यावरची नक्षी स्पष्ट असेल तर चांगली किंमत येते, चेहरा सपाट झाला असेल तर चांदीच्या भावाच्या थोडं वर. त्यात साधारण 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी आहे. त्या दिवसाच्या दराने येईल त्याहून खाली कुणालाही देऊ नका.

1911 चा रुपया मात्र वेगळा ठेवा. राजाच्या झग्यावर जो हत्ती आहे तो लोकांना डुकरासारखा दिसला, मुसलमान समाजात संताप झाला आणि टाकसाळीला नाणी परत घ्यावी लागली. 1912 पासून सोंड नीट दिसेल असा हत्ती कोरला. म्हणून तुमच्या नाण्यावर 1911 साल आणि सुधारलेला हत्ती अशी जोडी दिसली, तर आकडा खोडून बदललेला आहे असं समजा. आखूड सोंडेचा हत्ती असेल तर आनंदाची गोष्ट.

फारशी रुपयाला तुम्ही 'मोगलांचा' म्हटलंय. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला अंकुश दिसतोय. मराठ्यांनी आपले बहुतेक रुपये मोगल बादशहाच्या नावानेच पाडले आणि पुण्याचा अंकुशी रुपया त्यांतला प्रसिद्ध. नाणं ठोकायचा ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे अक्षरं कडेला अर्धी कापली जातात. तो दोष नाही. वर दोन-तीन छोटे छिन्नीचे ठसे आहेत ते सराफांनी पारख केल्याचे. त्यांनी भाव थोडा उतरतो, पण नाणं बाजारात फिरलं याची ती चांगली साक्ष आहे. हे हाताने ठोकलेलं नाणं, त्यामुळे दात्यांची कसोटी इथे लागू नाही. माझ्या मते तुमच्या डब्यातलं सगळ्यात सुंदर नाणं हेच.

शिवरायांवर एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति' असतं. महाराजांनंतरही त्या दीर्घकाळ, अनेक ठिकाणी पडत राहिल्या, म्हणून अक्षरांची वळणं आणि वजनं वेगवेगळी. साध्या शिवराया स्वस्तात मिळतात. कुणी सोन्याचा शिवराई होन स्वस्तात देऊ केला तर हातही लावू नका. खरे होन अत्यंत मोजके आहेत.

आणि कळकळीची विनंती: लक्ष्मीपूजन जवळ आलं तरी यांतलं एकही नाणं चिंचेने, पितांबरीने किंवा राखेने घासू नका. तो काळपट थर संग्राहकाला हवाच असतो, घासलेल्या नाण्याचा भाव निम्म्यावरही येऊ शकतो. कडेला धरून उचला आणि कागदी पाकिटात एकेक वेगळं ठेवा.

भावासाठी इंटरनेटवर लोक काय मागतात ते बघू नका. लिलावात त्याच प्रकारचं, तेवढंच झिजलेलं नाणं प्रत्यक्ष कितीला गेलं, ते बघा. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे. अंकुशी रुपया विकायला घेऊन जायच्या आधी तिथली नाणी बघून आलात तर डोळा तयार होईल.

भाच्याकडे काही पाठवू नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. तुमच्या रुपयांना आणि शिवरायांना हे लागू होतं.

1911 च्या रुपयाचा हत्ती दिसेल असा जवळून, उन्हाच्या तिरक्या उजेडात घेतलेला फोटो टाका. वजनही लिहा. मग त्याच्या भावाबद्दल नेमकं बोलता येईल.