अंगठा तोच, बैठक वेगळी

प्रश्न : मला स्मूथ जॅझ (मऊ, गोड चालीचं) आवडतं. धाकटा भाऊ म्हणतो, ‘हे लिफ्टमधलं संगीत, खरं जॅझ स्ट्रेट-अहेड, म्हणजे ठेका धरून जागच्या जागी सूर रचणारं!’ माझा कान कच्चा आहे का?

उत्तर : कान ठीक आहे, भाऊ जरा कडक आहे. त्याला वेस माँटगोमेरी ऐकवा. हा गिटारवादक नखीऐवजी अंगठ्यानं वाजवायचा. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या हाफ नोट क्लबात तो पियानोवादक विंटन केलीच्या त्रयीबरोबर वाजला. आधी सुटे सूर, मग जोडसप्तकं (एकच सूर दोन सप्तकांत एकदम), मग कॉर्ड्‌स; मागून जिमी कॉबचे ड्रम्स ढकलत असतात. मी हे जेवताना लावत नाही, घास हातातच राहतो.

दोन वर्षांनी तोच अंगठा बीटल्सच्या गाण्यांवर, खाली व्हायोलिनची गादी. रेकॉर्ड धडाक्यात खपली, जाणकारांनी नाकं मुरडली. (‘स्मूथ’ हे लेबल तेव्हा जन्मलंही नव्हतं.) माझं मत विचाराल तर सूर तितकाच गोड आहे, पण अडवणारं, उलट बोलणारं कुणी सोबत नाही. संध्याकाळी चहाबरोबर मीही तीच रेकॉर्ड लावतो. भावाला सांगू नका.