सगळंच आवडणाऱ्या मुलीला

बाळा,

तुझा मेसेज रात्री अकराला आला. ‘मावशी, मला सगळंच आवडतं, मग एकाच विषयाला का बांधून घेऊ?’ आणि खाली तीन पीडीएफ. एक नेदरलँड्समधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजचं, एक पुण्याच्या खासगी विद्यापीठाचं, एक आपल्या नाशकातल्या कॉलेजचं. पहिल्या दोघांना तू बदाम टाकलेस, तिसऱ्याखाली ‘बोअर’ लिहिलंस.

नानांचा फोन त्याआधीच येऊन गेला होता. ‘ताई, तिला सांगा, धड ॲग्री कर नाहीतर फार्मसी. हे सगळं एकत्र कालवलेलं शिक्षण कसलं?’ मिसळीची उपमा मी देणार नाही. नाशकात राहून हा मोह आवरणं अवघड आहे, पण आवरते. फोनवर नानांना मी काहीच उत्तर दिलं नाही, कारण त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. तुझाही नाही. म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी ते डच पीडीएफ. नावानं गोंधळू नकोस. लंडनच्या जुन्या प्रसिद्ध कॉलेजचं नावही तेच आहे, पण नेदरलँड्समध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज म्हणजे मोठ्या विद्यापीठाच्या पोटात वेगळं थाटलेलं छोटं कॉलेज, जिथे पदवीला विज्ञान, समाजशास्त्रं आणि मानव्यविद्या एकाच छपराखाली शिकता येतात. पहिलं उत्रेख्तला निघालं, 1998 साली; हान्स आद्रिआन्सेन्स नावाच्या समाजशास्त्रज्ञाच्या पुढाकारानं. मग मास्ट्रिख्टला 2002 मध्ये, मिडलबर्गला 2004 मध्ये, ॲमस्टरडॅमला 2009 मध्ये, आणि लायडन विद्यापीठानं हेग शहरात 2010 मध्ये. जर्मनीत फ्रायबुर्गनं 2012 ला तसाच अभ्यासक्रम काढला. त्यांचं दुखणं आपल्यासारखंच होतं. मुलं अठराव्या वर्षी थेट कायदा नाहीतर वैद्यकी धरायची आणि मोठमोठ्या वर्गांत हरवून जायची.

त्या पीडीएफच्या कव्हरवर हिरवळीवर बसून हसणारी मुलं आहेत. तू बहुतेक तिथेच थांबलीस. मी क्रेडिटांचं पान उघडलं. उत्रेख्तला एका सत्रात चारच कोर्स असतात, प्रत्येक साडेसात क्रेडिटांचा. डच हिशेबानं एक क्रेडिट म्हणजे 28 तासांचं काम, वर्ग आणि घरचा अभ्यास दोन्ही धरून. म्हणजे एका कोर्सला 210 तास. कोणता कोर्स घ्यायचा याची मोकळीक आहे, पण एकदा घेतला की त्यात मान खाली घालून बसावं लागतं. शिवाय प्रत्येक मुलामागे एक ट्यूटर असतो. तू निवडलेले कोर्स त्याच्यापुढे मांडायचे, हेच का ते सांगायचं. मास्ट्रिख्टला तर व्याख्यानापेक्षा भर गटावर: पुढ्यात एक प्रश्न टाकतात आणि तो सोडवायला काय वाचावं लागेल ते गटानं बसून ठरवायचं.

‘सगळंच आवडतं’ म्हणणाऱ्या मुलीला असा ट्यूटर पहिल्याच दिवशी विचारेल: बरं, पण तुला शोधायचंय काय? हा प्रश्न मला वेळेवर कुणी विचारला नाही, म्हणून माझी एक गोष्ट सांगते. नानांनाही ही अर्धी माहीत आहे.

2010 चा द्राक्ष हंगाम. मी तेव्हा निर्यातीच्या द्राक्षांतले रेसिड्यू, म्हणजे फवारलेल्या औषधांचे उरलेले अंश, तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत होते. बागेतून नमुना यायचा, आम्ही यादीतलं एकेक औषध तपासायचो, रिपोर्ट द्यायचो, माल कंटेनरमध्ये भरला जायचा. त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट सापडलं. बागाईतदार त्याला सीसीसी म्हणतात. वेलीची वाढ आवरायला फवारतात. कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले, सौदे मोडले, आणि पिंपळगावपासून दिंडोरीपर्यंत घराघरात त्या वर्षी काय झालं ते नाना तुला सांगतील, त्यांची इच्छा असेल तर. आमचं यंत्र ठीक होतं, आम्हीही कामात कुचराई केली नव्हती. ज्या यादीप्रमाणे आम्ही तपासत होतो, तिच्यात ते नावच नव्हतं.

एके संध्याकाळी एक बागाईतदार काका फवारणीची वही घेऊन आले. शाळेची दोनशे पानी वही, त्यात छाटणीपासून एकेक दिवस लिहिलेला. सीसीसी, तारीख, पंपाला किती. सगळं निळ्या शाईत, उघड. ‘बाई, तुम्ही विचारलंच नाही,’ एवढंच म्हणाले.

ते खरं होतं. वेल काय शोषते आणि किती काळ धरून ठेवते हे वनस्पतिशास्त्रवाल्याला ठाऊक होतं. कुठल्या पदार्थाची किती मर्यादा, हे युरोपच्या कायद्यात छापलेलं होतं. पिंपळगावातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानदाराला विचारलं असतं तर काय खपतंय ते त्यानं चहा पाजून सांगितलं असतं. माझ्याकडे ते मोजायची विद्या होती. चार माणसांच्या चार खिशांत चार तुकडे, आणि मला दुसऱ्या खिशात डोकवायची सवयच नव्हती. मी शिकले त्या कॉलेजात कला आणि विज्ञान एकाच आवारात होते. तीन वर्षांत मी पलीकडच्या इमारतीत फक्त गॅदरिंगच्या तालमीला गेले.

म्हणून आंतरविद्याशाखीय शिक्षण हे थोतांड आहे असं मी नानांना कधीच म्हणणार नाही. पण याच गोष्टीची दुसरी बाजूही बघ. मला क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजायची पद्धत, नीट येत नसती, तर त्या काकांची वही माझ्यासमोर आली काय, न आली काय. उघडून करणार काय होते मी? एक तरी विषय असा हवा की ज्यात तू गुडघाभर चिखलात उतरली आहेस. त्याशिवाय दुसऱ्याच्या खिशात डोकावणं म्हणजे नुसत्या चौकश्या.

आता तुझं ‘बोअर’ पीडीएफ. नाशकातल्या कॉलेजचं, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 चं. आपल्याकडे पुणे विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून लागू झालं. त्यातला तक्ता पाहून कुणालाही झोप येईल. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे दोन क्रेडिट, भाषेचे दोन, मूल्यशिक्षणाचे दोन, भारतीय ज्ञानप्रणालीचे दोन. मी याला टिफिनचे डबे म्हणते. थिअरीच्या एका क्रेडिटाला सत्रात 15 तास, म्हणजे दोन क्रेडिटांच्या विषयाला 30 तास. तीस तासांत कुठलाही विषय दारात येऊन नमस्कार करतो आणि चप्पल न काढताच निघून जातो. (उत्रेख्तच्या 210 शी याची थेट तुलना करू नकोस, त्यात घरचा अभ्यासही धरलेला आहे. तरी फरक कळतोच.)

पण त्याच तक्त्यात तीन जागा आहेत, ज्या बहुतेक मुलं झोपेतच भरतात. मायनर तीन वर्षांत साधारण 18 ते 20 क्रेडिटांचा होतो. ओपन इलेक्टिव्ह तुझ्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यावं लागतं, म्हणजे विज्ञानवालीला पलीकडच्या इमारतीत जाणं सक्तीचं; मला हे वाचून हसू आलं, थोडं वाईटही वाटलं. तिसरी जागा फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन-जॉब ट्रेनिंगची. या तिन्ही जागा एकाच प्रश्नाभोवती भरल्यास, तर ‘बोअर’ तक्त्यातून तुझं स्वतःचं युनिव्हर्सिटी कॉलेज निघेल, पुण्याच्या फीच्या किती तरी कमी पैशांत. मैत्रीण घेतेय म्हणून किंवा पेपर सोपा जातो म्हणून भरल्यास, तर डबेच राहतील. फरक एवढाच की डच कॉलेजात विचारायला ट्यूटर असतो, इथे तो तुला शोधावा लागेल. एखादे सर किंवा मॅडम धर, महिन्यातून एकदा त्यांच्यासमोर बस. स्टाफरूमच्या दारात उभं राहायला लाजू नकोस.

पुण्याच्या पर्यायाला मी नाही म्हणत नाही. सिम्बायोसिसनं तिथे 2011 मध्येच लिबरल आर्ट्सचं स्वतंत्र कॉलेज काढलं, हरियाणात अशोका विद्यापीठ 2014 ला सुरू झालं. ही आता नवी टूम राहिलेली नाही. पण फीचा आकडा नानांसोबत बसून बघ, एकटीनं नको. आणि नव्या रचनेला घाबरू नकोस, पण भुलूही नकोस. दिल्ली विद्यापीठानं 2013 मध्ये चार वर्षांची पदवी आणली आणि 2014 मध्ये मागे घेतली. मधली एक तुकडी पुन्हा तीन वर्षांच्या साच्यात बसवावी लागली. नव्या धोरणात मधूनच बाहेर पडायची जी सोय आहे, एका वर्षावर सर्टिफिकेट, दोनवर डिप्लोमा, ती आजारपण किंवा अडचण आली तर उपयोगी. तिच्यावर बेत आखू नकोस. एका वर्षाच्या सर्टिफिकेटवर पिंपळगावात कोण कामाला ठेवतं ते नानांनाच विचार.

कॉलेजात जाशील तेव्हा माहितीपत्रकात नसलेलं विचार. मायनरचा तास मेजरच्या प्रॅक्टिकलवर येतो का? कागदावर सगळे विषय एकत्र नांदतात, वेळापत्रकात भांडतात. पुरेशी मुलं आली नाहीत तर तो मायनर चालवणार का, की दुसऱ्यात ढकलणार? शिकवणार कोण, त्या विषयाचे पूर्णवेळ प्राध्यापक की तासिका तत्त्वावर कुणीतरी? आणि पदवीवर नेमका कोणता विषय छापला जाणार? स्पर्धा परीक्षेला कुठलीही पदवी चालते, पण एमएस्सीला बहुतेक ठिकाणी मुख्य विषय बघतात. तीन वर्षांनी एखादं दार बंद निघण्यापेक्षा आजच त्या विद्यापीठांचे प्रवेशाचे नियम उघडून वाच.

राहिला तुझा प्रश्न, तो शोधायचा कुठे? लांब जायला नको. तू जिऑलॉजी आणि इतिहास दोन्ही आवडतात म्हणतेस ना? पांडवलेण्यांतलं दहावं लेणं आठव. शाळेच्या सहलीत तिथे आपण डबा खाल्ला होता. व्हरांड्यातल्या भिंतीवर उषवदाताचा लेख आहे, नहपान या क्षत्रप राजाचा जावई तो. त्यानं भिक्षूंसाठी 3000 काहापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेव ठेवली, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे. (गोवर्धन हे नाव आजही गंगापूरच्या वाटेवर आहे, मुक्त विद्यापीठाला जाताना पाटी दिसते.) त्यातले 2000 शेकडा एक, 1000 शेकडा पाऊण दरमहा व्याजानं. मुद्दल कधीच परत घ्यायचं नाही, व्याज तेवढं खायचं. 2000 च्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 काहापण कापडासाठी.

गणित करून बघ. 2000 वर महिन्याला 20, वर्षाला 240. वीस भिक्षू गुणिले बारा, 240. पैही इकडची तिकडे नाही. ब्राह्मी येणाऱ्यानं लेख वाचला, हिशेब कळणाऱ्याला त्यात विणकरांची बँक दिसली. आणि 1906 साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला नहपानाची 13 हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. कोण कुणाला हरवून आलं, ते लेखावरून भांडत बसलेल्यांना धातूनं दाखवलं. यांतला प्रत्येक जण आपापल्या कामात पक्का होता. ब्राह्मी न येणाऱ्याला त्या भिंतीवर नुसत्या रेघा दिसतात, तो कितीही शाखांचा असो.

तुझा प्रश्न दगडाचा असेल किंवा गोदावरीचा. 2027 च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे; रामकुंडात पाणी येतं कुठून, धरणातून किती सुटतं, पात्रातल्या काँक्रीटखाली जुन्या कुंडांच्या झऱ्यांचं काय झालं, यात भूशास्त्र आहे, कायदा आहे, पुरोहितांच्या वह्या आहेत. किंवा नानांच्या बागेतलाच असेल, तुला आत्ता त्याचा कंटाळा असला तरी. मी ठरवणार नाही. एका फुलस्केप कागदावर तुला खरंच कळत नसलेली एक गोष्ट लिही, एकच, आणि तिच्याखाली तिन्ही पीडीएफमधले कोणते कोर्स तिला लागतील ते. पान भरलं नाही तरी चालेल.

रविवारी पाऊस नसला तर सकाळी सातला लेण्यांच्या पायथ्याशी ये, नंतर पायऱ्यांवर गर्दी होते. कागद आण. नानांनाही आण, आधी कुरकुरतील, पण दहाव्या लेण्यापाशी व्याजाचा दर ऐकला की सोसायटीच्या कर्जाशी त्याची तुलना ते माझ्याआधी करतील. वर चढून गेल्यावर चहा मिळत नाही, तेवढा थर्मास मी आणते.

तुझी,
मावशी