जिरा उघडण्याआधी भिंतीवर बोर्ड लाव

नव्या टीमसाठी लगेच जिरा (टीमची कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) सेट करायला बसू नकोस. पहिले दोन स्प्रिंट, म्हणजे ठरावीक मुदतीचे कामाचे टप्पे, भिंतीवर कामांच्या चिठ्ठ्या चिकटवून काढ, काम नेमकं कुठे अडतं ते डोळ्यांना दिसतं. (सगळे घरून काम करत असतील तर ट्रेलोचा साधा ऑनलाइन बोर्ड पुरे.)

मग जिरात तीनच कॉलम ठेव: करायचंय, चालू, झालं. जिरा 2002 मध्ये बग नोंदवण्यासाठी आलं. स्टेटस (काम कुठल्या टप्प्यावर आहे ते) आणि फील्ड (माहितीचे रकाने) वाढवण्याची त्यात भरपूर सोय आहे आणि नवे लोक तिथेच गुंततात. माझ्या एका जुन्या टीममध्ये 11 स्टेटस होते. तिकीट, म्हणजे नोंदवलेलं एक काम, ‘रिव्ह्यूसाठी तयार’मध्ये चार-चार दिवस पडून राहायचं, कारण ते उचलायचं कुणी हे ठरलेलंच नव्हतं. कॉलम वाढवायचाच असेल तर आधी त्याची जबाबदारी कुणाची ते ठरव.

बर्नडाउनची (स्प्रिंटमध्ये किती काम उरलंय ते रोज दाखवणाऱ्या चार्टची) रेघ शेवटच्या दिवशी एकदम कोसळत असेल तर बहुधा स्टोरी, म्हणजे कामाचे तुकडे, फार मोठ्या आहेत. दोन दिवसांत संपतील एवढ्या त्या लहान कर. तो चार्ट मॅनेजरकडे टीमची हजेरी म्हणून मात्र कधीच पाठवू नकोस, पुढच्या स्प्रिंटपासून कामाला किती वेळ लागेल याचे अंदाज फुगायला लागतात. डेली स्क्रमच्या (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीच्या) 15 मिनिटांत बोर्ड उजवीकडून वाचा, म्हणजे संपत आलेल्या कामावर आधी बोलणं होतं.