घरच्या बारसाठी मडलर कोणता घ्यावा: लाकडी, स्टीलचा की प्लास्टिकचा?

तुम्ही विचारलंय की बार सेटबरोबर आलेल्या दातेरी मडलरने (ग्लासात पुदिना, फळं दाबायच्या दांड्याने) मोहितो, म्हणजे पुदिना-लिंबाचं कॉकटेल, कडवट होतो, म्हणून नवा घ्यायचाय, तर तो लाकडी घ्यावा, स्टीलचा की प्लास्टिकचा. माझं मत आधीच सांगतो: टोक सपाट हवं, लांबी भरपूर हवी. कशाचा बनलाय, हे त्यानंतर बघा.

कडवटपणा येतो तो त्या दात्यांमुळेच. पुदिन्याला वास देणारं तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या अगदी बारीक ग्रंथींमध्ये असतं. हलकं दाबलं तरी त्या फुटतात. पानच फाटलं, चुरडलं गेलं, तर सोबत हिरवा, कडसर रसही उतरतो. मी एकदा दोन ग्लासांत आठ-आठ पानं घेतली. एकात दातेरी मडलर चालवला, दुसऱ्यात सपाट, आणि दोन्हींत नुसतं गार पाणी ओतलं. पहिल्यातलं पाणी हिरवट झालं, वर पानांचे कपटे तरंगायला लागले, चव कापलेल्या गवतासारखी. दुसऱ्यात पानं जवळजवळ अख्खी होती, फक्त जरा काळवंडलेली, आणि ग्लास तोंडाशी नेण्याआधीच पुदिन्याचा वास आला. पुदिना दाबायचा असतो, ठेचायचा नसतो.

दाते आल्याच्या चकत्या किंवा टणक फळं फोडायला उपयोगी पडतात, पण सपाट टोकानेही ते होतं, मनगट चार वेळा जास्त फिरवावं लागतं इतकंच. कायपिरीन्या या लिंबू-साखरेच्या कॉकटेलसाठी लिंबाच्या फोडी साखरेसोबत दाबतो, तेव्हा सालीतलं तेल काढायला साखरेचे दाणेच निम्मं काम करतात. तिथेही फार रगडू नका, सालीखालचा पांढरा भाग कडू असतो.

आता लांबी. उंच ग्लास साधारण १५ सेंटीमीटरचा असतो आणि शेकरचा (कॉकटेल हलवून मिसळायच्या भांड्याचा) मोठा डबा १७-१८ सेंटीमीटरचा. म्हणून मडलर २२ ते २५ सेंटीमीटरचा घ्या. आखूड असला की बोटांची पेरं काठावर आपटतात आणि जोर द्यायची भीती वाटते. टोकाची जाडी ३ ते ४ सेंटीमीटर असावी. बारीक टोकाखालून पानं सटकतात. मात्र तुमच्या सगळ्यात अरुंद ग्लासच्या तळापर्यंत ते सहज जातंय ना, हे मोजून बघा.

लाकडी घेणार असाल तर एकच गोष्ट कटाक्षाने पाहा: त्यावर व्हार्निश किंवा रंग नको. माझा पहिला मडलर छान चकचकीत होता. काही महिन्यांत टोकावरची चकाकी डागाडागांनी गेली, आणि एका संध्याकाळी पाहुण्याच्या ग्लासात तिचा पापुद्रा तरंगताना दिसला. लिंबाचा आम्ल रस आणि मद्य रोज लागल्यावर तो थर टिकत नाही. कोरं, घट्ट लाकूड, म्हणजे मेपल किंवा बीच, उत्तम. वापरल्यावर लगेच धुवायचं, उभं ठेवून वाळवायचं, भिजत टाकायचं नाही, डिशवॉशरमध्ये तर अजिबात नाही. अधूनमधून खाण्यायोग्य मिनरल ऑइलचा हात फिरवला की चिरत नाही.

एवढी निगा जमणार नसेल, तर अन्नासाठी चालणाऱ्या जड प्लास्टिकचा, एकसंध मडलर घ्या. त्याला वास धरत नाही, आणि वजनामुळे हाताला जोर कमी लावावा लागतो. स्टीलचा मला तितकासा आवडत नाही. बहुतेकांना खाली रबराचं किंवा नायलॉनचं टोक बसवलेलं असतं, त्या सांध्यात फळाचा गर अडकतो आणि ब्रशशिवाय निघत नाही. टोकही स्टीलचंच असेल तर काचेच्या ग्लासाला टवका जाऊ शकतो. तसा मडलर असलाच, तर तो शेकरच्या स्टीलच्या डब्यातच वापरा.

एक पद्धतही बदलून बघा. आधी लिंबू आणि साखर नीट दाबून घ्या, पुदिना सगळ्यात शेवटी टाका आणि मडलर हळूच चार-पाच वेळा टेकवत किंचित फिरवा. नवा मडलर येईपर्यंत हे काम लांब दांड्याच्या लाकडी चमच्याच्या पाठीनेही होतं. आजच करून बघितलंत तर कडवटपणातला फरक लगेच कळेल.