धावपट्टी मोडली, तरी पीक खुजंच

प्रश्न : आमच्या शेतात छोट्या विमानासाठी गवताची धावपट्टी होती, ६०० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. ती बंद होऊन तीन वर्षं झाली. दोनदा नांगरून पेरलं, पण तेवढ्याच पट्ट्यात पीक पिवळं पडतं, पाणी साचतं. खत वाढवू का?

उत्तर : खत राहू द्या, आधी एक लोखंडी सळई घ्या. जमीन ओलसर असताना पट्ट्यात आणि पट्ट्याबाहेर, एकाच दिवशी, हाताच्या जोरानं खुपसून बघा. बाहेर सहज जाणारी सळई पट्ट्यात वीतभरावर अडली, तर खाली माती दाबून घट्ट झाली आहे. मातीचा प्रतिकार २ मेगापास्कलच्या (हे दाबाचं एकक) पुढे गेला की बहुतेक पिकांची मुळं तिथंच थबकतात. साधा नांगर त्या थराच्या वरूनच फिरतो, म्हणून दोनदा नांगरूनही फरक पडला नाही.

विमानाला फार दोष देऊ नका. दोन आसनांचं विमान बहुधा टनाच्या आतलं असतं. माती दाबली ती पट्टी सपाट ठेवणाऱ्या रोलरनं आणि गवत कापायला ओल्यातही फिरणाऱ्या ट्रॅक्टरनं.

घट्ट थर सबसॉयलरनं, म्हणजे जमीन खोलवर फोडणाऱ्या अवजारानं, फोडायचा, थराच्या तळाच्या थोडं खालून, आणि तो थर कोरडा असतानाच. हे मी स्वतः चुकून शिकलो. एका शेतात वरची माती वाफशावर आली म्हणून घाई केली. खालची ओली होती. फाळानं ती फोडलीच नाही, भिंत लिंपावी तशी लिंपली. वर्ष वाया गेलं, आणि त्या शेतकऱ्याचे बोल मी निमूट ऐकले. फोडल्यावर लगेच खोल सोटमुळाचं पीक घ्या. नुसती भेग पुन्हा मिटते.

विमानात इंधन कुठं भरायचे, ते आठवतं का? तिथली माती शिशासाठी वेगळी तपासून घ्या. छोट्या विमानांच्या नेहमीच्या पेट्रोलात लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असतं, आणि सांडलेलं शिसं वरच्या थरातच बसून राहतं. अहवाल येईपर्यंत त्या कोपऱ्यात पालेभाजी लावू नका.

वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा अजून खांबावर असेल तर तो मात्र आजच उतरवा. वरून बघणाऱ्या वैमानिकाला पट्टी चालू आहे असं वाटेल.