ड्रेसिंग रूममधली दारूबंदी आणि आपली पोरं

प्रश्न: मुलगा १४ वर्षांचा, गोल्फ क्लब मैदानावर नेट्सला जातो. टीमच्या ड्रेसिंग रूममध्ये दारू बंद केली तर पोरांवर काही फरक पडतो का हो?
– एक बाबा, नाशिकरोड

उत्तर: दादा, बंद दाराआडचं पोरांना दिसतच नाही. २००७ मध्ये अमेरिकेत बेसबॉलपटू जॉश हॅनकॉक दारू पिऊन गाडी चालवताना गेला, मग त्याच्या सेंट लुईस कार्डिनल्स टीमने क्लबहाऊसमध्ये, म्हणजे त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये, दारूच बंद केली, आणि खेळाडूंचा जीव वाचावा एवढ्यासाठीही मला ते योग्यच वाटतं. पोरांना दिसतो तो जल्लोष! २०२२ ला ॲशेस जिंकल्यावर ऑस्ट्रेलियाचा तेव्हाचा कर्णधार पॅट कमिन्सने, मुस्लिम असल्याने दारूपासून लांब राहणाऱ्या उस्मान ख्वाजाला फोटोत येता यावं म्हणून शॅम्पेन बाजूला ठेवायला लावली, तो व्हिडिओ मुलाला नक्की दाखवा. आणि घरी मॅच बघताना तुमच्या हातात ग्लास असेल तर तो आधी बंद करा, पोरगं शेजारीच बसलेलं असतं.