माउंटमध्ये गाडीचं ग्रीस भरण्याआधी थांबा, भाऊ

तुमचं ईक्यू५ माउंट, म्हणजे दुर्बीण धरून ताऱ्यांमागे फिरवणारा स्टँड. जानेवारीत पहाटे त्याचा आरए अक्ष (ताऱ्यांमागे फिरणारा) जड होतो, मोटर कुंथते. मे महिन्यात त्याच माउंटमधून तेल निथळून दुर्बिणीच्या ट्यूबवर उतरतं. आणि बेअरिंगवाला दुकानदार म्हणतो, ‘गाडीचं लाल ग्रीस भरून टाका.’ चोपड्याहून तुम्ही लिहिलेलं हे सगळं मी जळगावात भोगलंय, म्हणून जरा लांबण लावतो. मी मेकॅनिक नाही. वॉरंटी असेल तर खोलण्याआधी विचार करा.

आधी रोग ओळखा. ईक्यू५ च्या वर्म व्हीलला, म्हणजे अक्षावरच्या दातेरी चाकाला, १४४ दाते असतात. त्याला फिरवतो तो वर्म, मळसूत्री दांडा; त्याच्या एका फेऱ्यात चाक एक दाता सरकतं, म्हणजे ताऱ्यांमागे फिरताना वर्मचा एक फेरा साधारण ५९८ सेकंदांचा. दर दहा मिनिटांनी अडत असेल तर दोष वर्ममध्ये किंवा त्याच्या बेअरिंगमध्ये. अक्षाच्या एकाच ठराविक जागी अडत असेल तर व्हील. फक्त थंडीत आणि सगळीकडे सारखंच जड, तर ते ग्रीसच. तुमचं तिसरं दिसतंय.

माझंही तिसरंच होतं, पण मी माउंट एका मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला पाठवलं. नाव घेत नाही. अख्खा हिवाळा ‘पार्ट येतोय’ ऐकलं. परत आलं तोवर मृग नक्षत्र संध्याकाळीच पश्चिमेला टेकलं होतं. बिलावर ‘मोटर बदलली, ग्रीसिंग केले’. ऊन तापल्यावर आतून पिवळट पाणचट तेल गळायला लागलं आणि क्लच (अक्ष आवळून धरणारी पकड) कितीही आवळला तरी घसरायचा. फोन केला तर उत्तर, ‘साहेब, तुमच्याकडे ऊनच जास्त आहे.’ शेवटी घरी खोललं. कारखान्यातला तपकिरी चिकटा होता तसाच, आणि त्याच्यावर बोटाने लाल ग्रीस थापलेलं. क्लचच्या घर्षणाच्या पृष्ठभागावरसुद्धा! जी जागा कोरडी राहिली पाहिजे तिथे. जुनी मोटर त्यांनी परत दिली होती. जोडून पाहिली तर ठणठणीत चालली. पैशांचं जाऊ द्या, हंगाम गेला त्याचा राग अजून आहे.

तर मुद्दा हा, की जुनं पूर्ण काढल्याशिवाय नवं लावू नका. ग्रीसमध्ये तेल धरून ठेवणारा घटक वेगवेगळा असतो: लिथियम साबण, बेंटोनाइट माती, पॉलियुरिया. न जमणारे दोन एकत्र आले की मिश्रण ढिलं पडतं आणि तेल सुटतं. कारखान्याने काय भरलंय ते तुम्हाला कळणार नाही, म्हणून धुणंच बरं. रॉकेल किंवा व्हाइट स्पिरिट, जुना टूथब्रश, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. अंगणात करा, विडी-काडी लांब ठेवून. आणि आपल्याकडे कापसाला तोटा नाही म्हणून कापसाने पुसू नका, तंतू दात्यांत अडकतात. डब्ल्यूडी-४० हे ग्रीस नाही, ते फवारून काम झालं असं समजू नका.

निवडताना रंग बघू नका, रंग म्हणजे नुसता डाय. डब्यावर एनएलजीआय आकडा बघा, तो ग्रीसचा घट्टपणा सांगतो. २ पुरतो, ३ आपल्या पहाटेच्या गारठ्यात नको. त्यापेक्षा महत्त्वाचं आतलं तेल: जाड खनिज तेल थंडीत आखडतं, पीएओ नावाचं सिंथेटिक तेल कमी आखडतं. मी पीटीएफई (टेफ्लॉन) घातलेलं सिंथेटिक वापरतो, सुपर ल्यूब. काळं मोली (मॉलिब्डेनमवालं) ग्रीस ट्रॅक्टरच्या सांध्यांना ठीक, इथे उगाच. खात्री नसेल तर दोन स्टीलच्या ताटल्यांत एकेक ठिपका ठेवा, एक ताटली रात्रभर फ्रिजमध्ये, दुसरी मेच्या उन्हात, तिच्यातल्या ठिपक्याखाली कागदाचा तुकडा. पहिला काडीने सहज पसरला पाहिजे, दुसऱ्याभोवती तेलाचं मोठं कडं पडता कामा नये. हे काही प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र नाही, पण डब्यावरच्या जाहिरातीपेक्षा खरं बोलतं.

लावताना कंजुषी करा. दात्यांवर पातळ थर. उघड्या बेअरिंगची मोकळी जागा पाव ते तिसरा हिस्सा भरली की बस. सीलबंद बेअरिंगला हात लावू नका, खराब असेल तर सरळ बदला. जास्तीचं ग्रीस आपली काळी धूळ धरतं आणि मग तीच दाते घासते.

काही जण बॅकलॅश (दात्यांमधली सैल हालचाल) लपवायला मुद्दाम चिकट ग्रीस भरतात. माझ्या मते ही लबाडी आहे, कोणाला पटो न पटो. बॅकलॅश वर्मच्या मेशने, म्हणजे वर्म चाकाच्या दात्यांत किती घट्ट बसतो ते जुळवून, कमी करायचा. आधी मोटर सोडवून वर्म हाताने फिरवत अक्षाचा पूर्ण फेरा घ्या, सगळ्यात घट्ट जागा शोधा आणि मेश तिथेच बसवा. सैल जागी बसवलात तर घट्ट जागी अडणार, आणि दोष पुन्हा ग्रीसवर जाणार.

खोलताना प्रत्येक वॉशरचा फोटो काढा. आणि कोणी डोब्सोनियनला (साध्या पेटीवर हाताने फिरवायची दुर्बीण) ग्रीस लावायचं का असंही विचारतं: तिच्या टेफ्लॉन-लॅमिनेटच्या सरकत्या पृष्ठभागांवर ग्रीस अजिबात नाही, फार तर थोडं मेण.